नौदलाच्या जहाजांसाठी छापलेले धातूचे भाग: छोट्या कारखान्याने तयारी कुठून करायची?

सागरगोटा | शनिवार, रात्री १०:१५

गेल्या महिन्यात कोल्हापूरजवळच्या शिरोलीहून ओळखीच्या एका फाउंड्रीवाल्यांचा, म्हणजे ओतकामाच्या कारखानदारांचा, फोन आला. "ताई, धातूचं थ्रीडी प्रिंटिंगचं मशीन घ्यायचं म्हणतोय. नौदलाची कामं पुढे त्यावरच जाणार असं सगळे सांगतात. बँक कर्ज द्यायला तयार आहे. घेऊन टाकू का?" मी म्हटलं, जरा थांबा. का थांबा, ते फोनवर धड सांगता आलं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

माझे वडील शिरोलीत पॅटर्न बनवायचे. पॅटर्न म्हणजे ओतायच्या भागाचा लाकडी नमुना, त्यावरून वाळूचा साचा करतात. सागवानाचे पॅटर्न, त्यावर लाल रंग, कोअर प्रिंटला (पोकळीसाठीचा गाभा, म्हणजे कोअर, जिथे टेकतो त्या जागेला) काळा. मी त्या भुशातच वाढले. आता अकरा वर्षं अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये आहे. पाणबुड्या आणि विमानवाहू जहाजांना फिटिंग पुरवणाऱ्या एका लहान कारखान्यात क्वालिटी बघते. कामाला साठाहून कमी माणसं. थोडक्यात, आम्हीही व्हेंडरच. आमच्यासारख्यांना छपाईसाठी तयार करायची मोठी धडपड इथलं नौदल करतंय, आणि मी ती आतून बघते आहे.

ही धडपड कशासाठी, ते आधी. इथल्या नौदलाला वर्षाला व्हर्जिनिया वर्गाच्या दोन पाणबुड्या हव्यात, शिवाय कोलंबिया वर्गाची एक. व्हर्जिनियाच्या प्रत्यक्षात वर्षाला सव्वाच्या आसपास होत आल्या आहेत. कोलंबिया वर्गातली पहिली पाणबुडी १२ ते १६ महिने उशिरा येणार, हे नौदलाने एप्रिल २०२४ मध्ये स्वतःच सांगितलं. कारणं बरीच आहेत, पण त्यातलं एक ओतकामवाल्यांच्या ओळखीचं आहे: ओतीव भाग वेळेवर मिळत नाहीत. शीतयुद्ध संपलं, ऑर्डरी आटल्या, फाउंड्र्या एकामागून एक बंद पडल्या. काही भाग बनवणारा देशभरात एकच कारखाना उरला. तिथे एक ओतकाम फसलं की बोट थांबते.

म्हणून २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये व्हर्जिनियातल्या डॅनव्हिल गावात नौदलाने धातूच्या छपाईचं, म्हणजे धातूची पावडर किंवा तार थराथराने वितळवून भाग बनवायचं, केंद्र सुरू केलं. चालवायला ऑस्टल यूएसए ही जहाजबांधणी कंपनी आहे. पाणबुडीला लागणाऱ्या धातूंची छपाईची कृती तिथे पक्की करायची, म्हणजे लेझर किती, वेग किती, उष्णतोपचार कोणता, चाचण्या कोणत्या, आणि ती कृती कागदपत्रांसकट पुरवठादाराला द्यायची, अशी कल्पना. प्रत्येक लहान कारखान्याने आपापल्या पैशाने तेच प्रयोग पुन्हा करू नयेत. मला हा या सगळ्यातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

आता मुद्दा. मशीन आलं म्हणजे पुरवठादार तयार झाला, असं इथे कुणीच धरत नाही. का धरत नाही, ते कळायला १९६३ मध्ये जावं लागतं.

१० एप्रिल १९६३ ला थ्रेशर नावाची पाणबुडी खोल पाण्यातल्या चाचणीत बुडाली. १२९ माणसं गेली. इंजिनच्या भागातल्या समुद्राच्या पाण्याच्या नळाचा जोड फुटला असावा, असा निष्कर्ष निघाला. चांदीच्या ब्रेझिंगचा, म्हणजे चांदीचा मिश्रधातू वितळवून भरलेला जोड. वरून चांगला दिसणारा जोड आत नीट भरलेला असेलच असं नाही, आणि तो भरला होता का, याचा पुरावा प्रत्येक जोडासाठी कुणाकडे नव्हता. त्याच वर्षी डिसेंबरात 'सबसेफ' ही पद्धत आली. पाणी आत येऊ शकेल अशा प्रत्येक भागाचा धातू कुठला, कुणी बनवला, कुणी तपासला, काय आकडे आले, सगळं कागदावर. कागद नसेल तर भाग नाही. सबसेफचं प्रमाणपत्र असलेली एकही पाणबुडी त्यानंतर बुडालेली नाही. १९६८ मध्ये स्कॉर्पियन गेली, पण तिला ते प्रमाणपत्र नव्हतं.

आमच्या कारखान्यात जे घडलं ते याच्याच पोटातलं. आमचा पहिला छापलेला भाग म्हणजे एका व्हॉल्व्हचं लहानसं बॉनेट (वरचं झाकण), ३१६एल स्टेनलेसमध्ये. मापं बरोबर, रेडिओग्राफी (क्ष-किरण तपासणी) स्वच्छ, टेन्साइलचे (ओढून ताकद मोजायच्या चाचणीचे) आकडे मागितल्यापेक्षा वर. तरी रिजेक्ट झालं. दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरने आधीच्या कामातली उरलेली पावडर चाळून नव्या डब्यातल्या पावडरीत मिसळली होती. तसं करायला परवानगी आहे, पण मिश्रणाला नवा लॉट नंबर द्यावा लागतो. तो दिला नव्हता. ट्रॅव्हलरवर (भागासोबत फिरणाऱ्या नोंदीच्या कागदावर) एक नंबर, मशीनच्या नोंदीत पावडर दोनदा भरल्याचं दिसतंय. तपासायला आलेल्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, त्या ओळीवर पेन्सिल टेकवली आणि माझ्याकडे बघितलं. मला उत्तर देता आलं नाही. ते बॉनेट आजही माझ्या टेबलावर आहे. ते चांगलं असेल, नव्हे, आहेच. पण ते चांगलं आहे असं मला सिद्ध करता येत नाही.

म्हणून शिरोलीच्या त्या काकांना माझं सांगणं: कर्ज काढायच्या आधी स्वतःच्याच चालू ओतकामातला एक भाग घ्या आणि त्याचा माग उलटा काढून बघा. तयार भागापासून भट्टीच्या हीट नंबरपर्यंत (एका वेळी वितळवलेल्या धातूच्या क्रमांकापर्यंत), तिथून भंगाराच्या पावतीपर्यंत. किती ठिकाणी धागा तुटतो ते मोजा. तुमची तयारी किती झाली, ते तिथे कळेल.

---

ओतारी | रविवार, सकाळी ७:४०

ताई, तो फोन माझाच. लिहिलंत, बरं झालं.

काल रात्री वाचलं आणि सकाळी सहाला कारखान्यात जाऊन तुम्ही सांगितलं तसं केलं. एक पंपाचं केसिंग घेतलं, गेल्या आठवड्यात गेलेल्या लॉटमधलं. हीट नंबर मिळाला. स्पेक्ट्रोचा (धातूतल्या घटकांच्या तपासणीचा) रिपोर्ट मिळाला. टेस्ट बार (चाचणीसाठीची कांडी) कुठल्या लॅडलमधून (ओतायच्या पळीतून) भरला ते मात्र कुणालाच सांगता येईना. मोल्डिंगचा मुकादम म्हणतो तिसऱ्या, भट्टीवाला म्हणतो पहिल्या. तुटला धागा तिथेच.

आता माझी अडचण ऐका. तुमच्याकडे नौदलाने केंद्र काढलं, कृती तयार करून दिली. इथे मला कोण देणार? टेंडर निघतं, सर्वांत कमी दरवाल्याला जातं. ड्रॉइंगवर स्पष्ट लिहिलेलं असतं की भाग ओतीव हवा, अमुक स्पेसिफिकेशनचा. मी छापून नेला तर स्टोअरवाला दारातून परत पाठवेल. आणि काम झाल्यावर पैसे. कायद्यात ४५ दिवस आहेत, २०२४ पासून आयकरातही त्याचं कलम आलं, तरी प्रत्यक्षात किती दिवस लागतात ते मी सांगायला नको. मशीनचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला.

हातात ऑर्डर नसताना तयारीत पैसे घालायचे तरी कशाच्या जोरावर?

---

गोदी_नं_३ | रविवार, सकाळी ११:०५

मी मुंबईत गोदीत ३४ वर्षं काढली, शेवटची बारा दुरुस्ती विभागात. दुसरी बाजू सांगतो.

दुरुस्तीला आलेल्या जहाजात एखादं व्हॉल्व्ह बॉडी असं निघतं की बनवणारी परदेशी कंपनी वीस वर्षांपूर्वीच बंद पडलेली असते. ड्रॉइंग आहे, पण निळ्या कागदावर, घडीवर फाटलेलं, नेमकं फ्लँजचं (जोडायच्या कडेचं) माप त्या फाटलेल्या जागी. एकदा आम्ही पॅटर्न शोधत एका जुन्या कारखान्याच्या माळ्यावर गेलो. पॅटर्न सापडला. हातात उचलला तर निम्मा भुसा होऊन खाली पडला, वाळवीने आतून पोखरलेला. एका भागासाठी नवा पॅटर्न, नवा साचा, एक ओतकाम, त्यात एक रिजेक्शन धरायचं. जहाज तोवर धक्क्याला. छपाईची खरी जागा इथे आहे. एक-दोन नग हवेत, पॅटर्न नाही, आणि उशिराची किंमत भागाच्या किमतीच्या कित्येक पट.

ओतारी, तुमचा प्रश्न रास्त आहे. पण स्टोअरवाला परत पाठवतो तो आडमुठा म्हणून नव्हे. त्याच्या हातात ओतीव भागाचं स्पेसिफिकेशन आहे, छापलेल्याचं नाही. त्याने सही केली आणि उद्या काही झालं तर चौकशी त्याची होणार. मी स्वतः अशा सह्या नाकारल्या आहेत आणि मला त्याची खंत नाही. आधी नियम लिहून यायला हवा, मगच सही येईल. आपल्याकडे युद्धनौकांच्या गुणवत्तेसाठी संरक्षण खात्याचं वेगळं संचालनालय आहे, पवईला इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगचं (जहाजं तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं) मुख्यालय आहे. पुरवठादारांनी सुटे सुटे न जाता संघटना करून यांच्याकडे नमुने, चाचण्यांचे आकडे घेऊन गेलं पाहिजे. आम्ही काय सिद्ध करून दाखवलं तर तुम्ही सही कराल, हा प्रश्न लेखी विचारा. लेखी उत्तर मिळतंच, उशिरा का होईना.

आणि सुरुवात अशा भागापासून करा जो फुटला तरी माणूस मरणार नाही. झाकण, ब्रॅकेट, निचऱ्याची जाळी.

---

सागरगोटा | रविवार, रात्री ९:३०

गोदीकाका, शेवटचं वाक्य इथेही अगदी तसंच घडलं. विमानवाहू जहाजावर बसवायला मंजूर झालेला पहिला छापलेला धातूचा भाग होता वाफेच्या नळातलं साचलेलं पाणी काढणारी एक जाळी-छिद्राची जुळणी. मंजुरी ऑक्टोबर २०१८, जहाज हॅरी ट्रुमन. पुढच्या वर्षी बसवली आणि वर्षभर नुसती बघत राहिले. मग २०२३ मध्ये ओक्लाहोमा नावाच्या पाणबुडीसाठी डेकवरच्या निचऱ्याचा भाग, तांबे-निकेलमध्ये. निचऱ्यापासून निचऱ्यापर्यंत यायला पाच वर्षं. अलीकडे एंटरप्राइझ या बांधकाम चालू असलेल्या विमानवाहू जहाजासाठी व्हॉल्व्हचं मॅनिफोल्डही ओतण्याऐवजी छापलं. वाटेत एकही पायरी गाळली नाही.

दरम्यान नियमही लिहिले गेले. जानेवारी २०२० मध्ये नौदलाच्या तांत्रिक विभागाने पावडरच्या थरावर लेझरने छापायच्या पद्धतीसाठी नियमपुस्तिका काढली. पुढे तारेवरून छापायच्या पद्धतीची आली. आमच्या मालकांनी मशीन घेतलं ते ही पुस्तिका टेबलावर आल्यावर. तोवर मला वर्षभर फक्त ती वाचायला आणि आमच्यात काय कमी आहे त्याची यादी करायला बसवलं होतं.

ओतारीकाका, ऑर्डरचं म्हणाल तर इथेही पहिली तक्रार हीच होती. पुरवठादारांच्या बैठकीत एक म्हातारे मालक उठून म्हणाले, मला तंत्रज्ञान शिकवू नका, पुढच्या पाच वर्षांत या धातूचे किती किलो घेणार ते सांगा. सगळ्या सभागृहाने माना डोलावल्या. त्यानंतर कुठले भाग छापायचे त्यांच्या याद्या पुढे आल्या, यंत्रांना आणि प्रशिक्षणाला सरकारी पैसा आला. घेणाऱ्याने आधी बोलल्याशिवाय देणारा तयार होत नाही. भारतात ते बोलणं अजून पुरेसं होत नसेल तर तयारीतली ती उणीव नौदलाची आहे, तुमची नाही. म्हणूनच म्हणते, आज कर्ज काढून ती उणीव तुमच्या घरावर घेऊ नका.

---

पाचअक्ष | सोमवार, दुपारी १:२०

भोसरीत आमचं मशीन शॉप आहे. छापलेले भाग मशिनिंगला येतात, बहुतेक विमान आणि मेडिकलचे. ताईंचं पटतं, पण एक बाजू राहतेय.

छापणारा म्हणतो भाग तयार झाला, आणि खरं काम आमच्याकडे सुरू होतं. तारेवरून छापलेला भाग आला की पृष्ठभाग वेल्डिंगच्या ओळींसारखा लाटालाटांचा. पकडायचा कुठे? संदर्भाची सपाट बाजूच नसते. ड्रॉइंग ओतीव भागाचं असतं, त्यात पकडीची जागा पॅटर्नवाल्याने पूर्वीच ठरवलेली. छपाईत ती कुणीच ठरवत नाही. आमच्याकडे एक फ्लँज आला, ज्या प्लेटवर छापला तिच्यावरून कापायच्या आधी ताण काढायचा उष्णतोपचार केलेलाच नव्हता. कापल्याबरोबर एक कड वर उचलली गेली. आम्ही तीन दिवस शिम (पातळ पट्ट्या) लावत बसलो. शेवटी भंगार.

छपाईवाला, उष्णतोपचारवाला, मशीनशॉप आणि चाचणीवाला हे चौघे ड्रॉइंग हातात घेऊन पहिल्या दिवशी एका टेबलाशी बसले नाहीत तर कुणाच्याही मशीनचा उपयोग नाही. पुरवठादार तयार करायचा तर अशा चौघांना मिळून एक पुरवठादार धरावं.

आणि थांबा थांबा असंही फार नको. आपण थांबलो तर पाच वर्षांनी बाहेरचा कुणीतरी हेच भाग तयार छापून विकायला येईल, आणि आपण त्याचे एजंट होऊ.

---

क्षार | सोमवार, रात्री ८:५०

धातुशास्त्र आणि एनडीटी (भाग न तोडता आतले दोष तपासणं) हे माझं काम. इथे अजून धातूबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. जरा लांबेल.

ओतीव, फोर्ज केलेला (ठोकून घडवलेला) आणि छापलेला, रासायनिक घटक तेच असले तरी तिन्ही वेगळे धातू समजा. छपाईत धातू ठिपक्याठिपक्याने वितळतो आणि क्षणात गोठतो. पावडरच्या पद्धतीत एकेक थर साधारण ३० ते ६० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. त्यामुळे कण बारीक, ताकद बहुधा ओतीवापेक्षा जास्त. पण थरांच्या दिशेने ओढलं आणि थरांना आडवं ओढलं तर आकडे वेगळे येऊ शकतात. म्हणून चाचणीचे नमुने त्याच प्लेटवर, त्याच वेळी, उभे आणि आडवे दोन्ही छापावे लागतात. वेगळ्या दिवशी छापलेल्या नमुन्याचा रिपोर्ट या कामात रद्दी आहे.

दोष पण वेगळे. ओतकामातला माणूस ब्लो होल (वायूची पोकळी), श्रिंकेज (आकसल्याने पडलेली पोकळी) कुठे येणार हे जाडी बघून सांगतो. जाड-पातळ भाग जिथे मिळतो तिथे. छपाईत थर नीट जुळला नाही तर सपाट, कागदासारखी पातळ फट राहते, आणि रेडिओग्राफीत फटीची दिशा किरणांना आडवी असेल तर ती दिसतच नाही. त्यासाठी सीटी स्कॅन लागतो, पण जाड तांबे-निकेलमधून किरण पार जाईपर्यंत त्यालाही घाम फुटतो. आतली पोकळी मिटवायला भाग आर्गॉन वायूच्या प्रचंड दाबात तापवतात. पृष्ठभागापर्यंत उघडलेली फट मात्र त्याने मिटत नाही.

समुद्राचं पाणी हा वेगळाच विषय. प्रोपेलर आणि व्हॉल्व्ह ज्या निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझचे करतात त्यात काही घटकांचे प्रदेश खारं पाणी निवडून खातं. वरून भाग शाबूत, आत भुगा. ओतीव ब्राँझला त्यासाठी ६७५ अंश सेल्सिअसला ६ तास ठेवायची जुनी पद्धत आहे. छापलेल्या ब्राँझची अंतर्रचनाच वेगळी, बारीक. तोच उपचार तसाच चालेल असं गृहीत धरता येत नाही, मोजावं लागतं. ताकदीची चाचणी एका दुपारी होते. गंजाची चाचणी महिनोन्‌महिने चालते, आणि ती एकट्या फाउंड्रीला परवडत नाही. ताईंनी लिहिलेल्या डॅनव्हिलच्या केंद्राचं मोल मला इथे कळतं.

जमतं का, तर जमतं. रॉटरडॅमच्या बंदरात २०१७ मध्ये २९८ थरांचा ब्राँझचा प्रोपेलर तारेवरून छापून ब्युरो व्हेरिटास या जहाजं तपासणाऱ्या संस्थेकडून तपासून घेतला. फ्रान्सच्या नेव्हल ग्रुपने आंद्रोमेद या सुरुंगशोधक नौकेसाठी अडीच मीटरचा प्रोपेलर केला, पाच पाती, प्रत्येक २०० किलोचं, आणि जहाजावर बसवला.

---

इचलकरंजीकर | मंगळवार, सकाळी ९:१५

मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्यासारख्याने यासाठी काय शिकावं? आमच्या कॉलेजात प्लॅस्टिकचा प्रिंटर आहे, त्यावर आम्ही मोबाईलचे स्टँड छापतो. त्याचा या कामाशी काही संबंध आहे का?

---

सागरगोटा | मंगळवार, रात्री ८:१०

आहे. ड्रॉइंगवरून मॉडेल करणं, आधार कुठे द्यायचा ते ठरवणं, भाग कुठल्या बाजूने उभा करायचा हे कळणं, हे तिथे शिकून होतं. पण तिथेच थांबू नकोस.

डॅनव्हिलबद्दल तुला सांगते, तू इचलकरंजीचा आहेस म्हणून मुद्दाम. ते तंबाखूचं आणि कापडाचं गाव. डॅन रिव्हर नावाची गिरणी १८८२ पासून होती, पिढ्यान्‌पिढ्या घरं तिच्यावर चालली. २००६ च्या सुमारास ती बंद पडली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा नदीकाठच्या विटांच्या त्या भिंती बघून गिरणगाव आठवलं आणि पोटात कालवलं. त्याच गावात आता संरक्षण उत्पादनासाठी कामगार तयार करणारा १६ आठवड्यांचा अभ्यासक्रम चालतो. फी नाही. पाच विषय: छपाई, सीएनसी, वेल्डिंग, मापन-तपासणी आणि एनडीटी. पाचातले दोन नुसते तपासण्याचे आहेत, हे लक्षात घे. एका तुकडीत मला पन्नाशीच्या एक बाई भेटल्या. आधी गिरणीत कापडातला दोष शोधायचं काम करायच्या. आता धातूतला शोधतात. म्हणाल्या, डोळा तोच आहे, फक्त कापडाऐवजी पडदा.

तुला एनडीटीच्या लेव्हल टूपर्यंत (प्रमाणपत्राच्या दुसऱ्या पातळीपर्यंत) जाता आलं तर जा. क्षार यांना विचार, ते वाट सांगतील. प्रिंटर चालवणारा दोन महिन्यांत तयार होतो. फट ओळखणारा होत नाही.

---

क्षार | मंगळवार, रात्री ९:००

इचलकरंजीकर, निरोप पाठव. रेडिओग्राफी आणि अल्ट्रासॉनिक दोन्ही कर, एकाने भागत नाही.

---

गोदी_नं_३ | बुधवार, सकाळी १०:३०

टॅकोमाच्या फाउंड्रीचं प्रकरण इथे सांगायला हवं, कारण कागद कागद म्हणताना कुणाला वाटेल की कागद भरला की झालं.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमाच्या एका फाउंड्रीत पाणबुड्यांच्या कवचासाठी पोलादी ओतकामं व्हायची. तिथल्या धातुशास्त्रज्ञ बाईंनी तीस वर्षांहून जास्त काळ चाचण्यांचे आकडे बदलून लिहिले. थंडीत धातू किती धक्का सोसतो, ती चाचणी. २०२१ मध्ये कबुली दिली, २०२२ मध्ये अडीच वर्षांची शिक्षा झाली. कंपनीला एक कोटी डॉलरहून जास्त भरावे लागले. आणि नौदलाला त्या सगळ्या बोटी पुन्हा तपासत, त्यांच्यावर लक्ष ठेवत बसावं लागलं.

कागद पूर्ण होते. ओळन्‌ओळ भरलेली. म्हणून मी माझ्या हाताखालच्या पोरांना सांगायचो, चाचणीत भाग नापास झाला तर तो रिपोर्ट सर्वांत आधी माझ्या टेबलावर आणा, कुणी ओरडणार नाही. पुरवठादाराची तयारी बघायला मी गेलो तर मशीन नंतर बघेन, आधी रिजेक्शनचं रजिस्टर मागेन. कोरं असेल तर परत येईन.

---

ओतारी | बुधवार, रात्री १०:४५

काका, हे वाचून मी रजिस्टर काढून बघितलं. आमचं कोरं नाही. पण कारणाच्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी नुसतं "ओतकाम दोष" लिहिलंय. कुठला दोष, कुठे, काही नाही. उद्यापासून बदलतो.

मशीनचं सध्या थांबवलं. पण पाचअक्ष यांचं हात बांधून बसू नका हेही पटलं. मग करू काय?

---

सागरगोटा | गुरुवार, सकाळी ६:२० (इथे बुधवार रात्र)

वाळूपासून सुरू करा.

धातू छापायच्या आधी साचा छापा. वाळूचा थर, त्यावर बाइंडरचे (वाळू धरून ठेवणाऱ्या द्रवाचे) थेंब, पुन्हा थर. पॅटर्न नको, कोअर बॉक्स (कोअर बनवायची पेटी) नको. कोअर जोडाशिवाय एकसंध येतो. वडील असते तर त्यांना वाईट वाटलं असतं की आनंद झाला असता, मला अजून ठरवता आलेलं नाही. यंत्र विकत घ्यायची गरज नाही, छापून देणारे आपल्याकडेही आहेत, तुम्ही फक्त मॉडेल पाठवायचं. भट्टी तुमची, ओतकाम तुमचं, रनर-रायझरची (साच्यात धातू वाहायच्या आणि पुरवायच्या वाटांची) अक्कल तुमची. मुख्य म्हणजे भाग शेवटी ओतीवच राहतो. ड्रॉइंगवर ओतीव लिहिलंय, तुम्ही ओतीवच दिलात. स्टोअरवाल्याला परत पाठवायला कारण नाही.

गोदीकाकांनी सांगितलेलं वाळवी लागलेलं पॅटर्न आठवा. असे एक-दोन नगांचे, पॅटर्न हरवलेले भाग शोधा. संरक्षण खात्याच्या 'सृजन' पोर्टलवर २०२० पासून आयात होणाऱ्या भागांच्या याद्या आहेत, त्यात ओतकामाचे किती ते चाळा. त्या निमित्ताने तुमच्याकडे त्रिमितीय मॉडेल करणारा एक माणूस तयार होईल, स्कॅन करून जुन्या भागाचं ड्रॉइंग काढता येईल, आणि माग ठेवायची सवय लागेल. पुढे कधी धातूची छपाई आली तर हे सगळं जसंच्या तसं लागणार आहे.

---

पाचअक्ष | गुरुवार, दुपारी २:००

मॉडेल करताना मशिनिंगची पकड आत्ताच घाला. तीन लहान पॅड, एका सपाटीत, नंतर कापून टाकता येतील असे. फाइल पाठवली तर मी बघून देईन, पैसे नकोत.

---

ओतारी | शनिवार, सायंकाळी ६:१५

एक भाग मिळाला. जुन्या पंपाचं केसिंग, ब्राँझचं, दोन नग, पॅटर्न कुणाकडेच नाही. गिऱ्हाईक नौदल नाही, मासेमारीच्या बोटी दुरुस्त करणारे रत्नागिरीचे एक आहेत, पण पाणी तेच खारं. मुलीने स्कॅन करून मॉडेल केलं, ती बी.ई. झालीय, आजवर कारखान्यात यायला तयार नव्हती.

ताई, एकच विचारायचं. टेस्ट बार वेगळा भरू की केसिंगलाच जोडून घेऊ?

---

सागरगोटा | शनिवार, रात्री ८:४०

जोडूनच घ्या. त्याच लॅडलचा, त्याच साच्यातला. कापायच्या आधी बारवर आणि केसिंगवर एकच नंबर ठोका, आणि ठोकतानाचा फोटो काढून ठेवा.

---

गोदी_नं_३ | रविवार, सकाळी ९:५०

मी पुढच्या गुरुवारी कोल्हापुरात आहे. ओतायचं काम दुपारनंतर ठेवा, मी येतो.